हे रक्तातच आहे का, डॉक्टर?

(नागपुरात धरमपेठेतल्या एका सभागृहात फेब्रुवारीत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी काही चेहरे माझ्या ओळखीचे आहेत. काहीजण माझ्याकडे उपचार घेतात, काहींच्या घरचं कुणी घेतं. मी ओळख दाखवली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, ते मी मुद्दाम करते आहे. पुढे जी उदाहरणं सांगेन, त्यांतली ओळख पटेल अशी प्रत्येक गोष्ट बदललेली आहे.

गेली तीस वर्षं धंतोलीतल्या माझ्या मानसोपचाराच्या दवाखान्यात मंत्रचळाबद्दल एक प्रश्न मी सारखा ऐकते. पेशंट तो सहसा विचारत नाही, त्याची आई विचारते. तपासणी आटोपते, मुलगा किंवा मुलगी बाहेर जाते, आणि आई पर्स विसरल्याचं निमित्त करून परत आत येते. दार लोटते आणि उभ्याउभ्याच म्हणते, "डॉक्टर, हे रक्तातच आहे का? की माझंच काही चुकलं?" वडील विचारतात तेव्हा रोख थोडा वेगळा असतो. "आमच्या घराण्यात कोणालाच नाही, तिच्या माहेरी आहे." दोष कोणाच्या नावावर लिहायचा, एवढंच दोघांनाही जाणून घ्यायचं असतं.

आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे. मला वाटतं, या प्रश्नात रक्त आहे, चूक आहे, पण वय नाही. मंत्रचळ केव्हा सुरू होतो, केव्हा चढतो, केव्हा वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, हे पाहिल्याशिवाय रक्ताचा आणि भोवतालाचा हिशेब लागत नाही.

मंत्रचळ हा शब्द आपण फार सैल वापरतो. कपाट नीट लावणाऱ्या बाईलाही लोक म्हणतात, हिला मंत्रचळ लागलाय. डॉक्टर ज्याला ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात, तो आजार वेगळा. एक नकोसा विचार मनात घुसतो: हाताला घाण लागली आहे, गॅस चालू राहिला, माझ्या हातून बाळाला काही होईल. माणसाला कळतं की हे अतिरेकी आहे, तरी जीव घाबरा होतो. तो घाबरेपणा उतरावा म्हणून तो एक कृती करतो. हात धुतो, परत जाऊन बघतो, मोजतो, मनात नाव घेतो, बायकोला विचारतो. थोडा वेळ बरं वाटतं, मग विचार परत येतो. यात दिवसाचा तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जायला लागला, किंवा शाळा, नोकरी, संसार अडायला लागला, की आम्ही त्याला आजार म्हणतो. महालातले एक गृहस्थ कुलूप बघायला बडकस चौकातून तीन-तीनदा घरी परत जात. अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी एकच ओळ वीस वेळा वाचायचा आणि पेपर अर्धा सोडून यायचा. एका नव्या आईनं स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या शेजारणीकडे नेऊन ठेवल्या होत्या. ती बाई बाळावर इतकी माया करणारी होती, की असला विचार मनात आला याचीच तिला भीती बसली होती.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळलं. म्हणजे सव्वाशे माणसांमागे एक. या सभागृहात अडीचशे खुर्च्या आहेत असं मला सांगितलं आहे.

आजार आणि लक्षणं यांत मात्र फरक करू या. रक्तदाब सगळ्यांना असतो, काहींचा वाढतो. तसंच शंका येणं, परत तपासणं, मनात काही अडकून बसणं हे थोड्याफार प्रमाणात सगळ्यांतच असतं. पुढे ज्या अभ्यासांबद्दल बोलणार आहे, त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांनी ही लक्षणं मोजली आहेत. कोणात किती, आणि काही वर्षांनी त्याच माणसात किती.

रक्ताचा वाटा किती, हे शोधायला सगळ्यांत जास्त मदत जुळ्या मुलांनी केली. जुळी दोन प्रकारची असतात. एकाच बीजाचे दोन भाग होऊन झालेली हुबेहूब जुळी, यांची जनुकं जवळजवळ पूर्ण सारखी. आणि दोन वेगळ्या बीजांपासूनची जुळी. ती एका पोटात वाढली तरी जनुकांच्या बाबतीत साध्या भावंडांसारखीच, सरासरी निम्मी सारखी. दोन्ही प्रकारची जुळी आपापल्या घरी, एकाच आईबापांच्या हाताखाली, एकाच काळात वाढतात. आता लक्षणं मोजायची. हुबेहूब जुळ्यांचं एकमेकांशी साम्य दुसऱ्या जुळ्यांपेक्षा जास्त निघालं, तर ते जास्तीचं साम्य जनुकांचं. दोन्ही प्रकारांत साम्य सारखंच निघालं, तर ते एका घरात वाढल्याचं. आणि हुबेहूब जुळ्यांतही एकाला त्रास आहे, दुसऱ्याला नाही, असं दिसलं तर तो फरक ज्याच्या त्याच्या वाट्याला वेगळं काही आल्यामुळे. मोजण्यातली चूकसुद्धा याच तिसऱ्या खात्यात जमा होते, हे ध्यानात ठेवायचं.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००५ साली जुळ्यांवरच्या तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. मुलांमध्ये जनुकांचा वाटा ४५ ते ६५ टक्के, प्रौढांमध्ये २७ ते ४७ टक्के, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१३ मध्ये स्वीडनमधून एक मोठा अभ्यास आला. तिथं सगळ्या देशाच्या आरोग्यनोंदी ठेवलेल्या असतात, त्यामुळे चोवीस हजारांहून अधिक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तपासता आले. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात धोका साधारण चौपट-पाचपट. नातं जसजसं दूरचं, तसतसा तो उतरत जातो. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सख्खी भावंडं आणि आई एक पण वडील वेगळे अशी भावंडं, दोन्ही बहुधा आईजवळ एकाच घरात वाढतात. तरी धोका सख्ख्या भावंडांना स्पष्टपणे जास्त होता. घर तेच, रक्त कमी, धोकाही कमी.

चौपट-पाचपट म्हटलं की लोक घाबरतात. तो आकडा कशाच्या पाचपट, ते पाहा. शंभरात एक-दोघांना होणारा आजार पाचपट झाला, तरी शंभरात पाच ते दहा. म्हणजे रुग्णाच्या सख्ख्या भावंडांतही दहातल्या नऊ जणांना तो होत नाही.

आणि ४५ टक्के म्हणजे काय, यावर थोडं थांबते, कारण इथं शिकलेली माणसंही चुकतात. तुमच्या मुलीच्या आजारातला ४५ टक्के भाग रक्तातून आला आणि ५५ टक्के बाहेरून, असा त्याचा अर्थ होत नाही. माझे वडील काटोलजवळ संत्र्याची बाग करायचे, म्हणून मी तिथलंच उदाहरण देते. एका बागेत एका झाडाला चारशे फळं आली, दुसऱ्याला नऊशे. झाडाझाडांमधल्या या फरकात कलमाचा वाटा किती आणि जमीन-पाण्याचा किती, हे सांगता येईल. पण एकाच झाडाच्या चारशे फळांमधली कलमानं किती दिली आणि पाण्यानं किती, हे विचारता येत नाही. प्रत्येक फळ दोघांचं आहे. जुळ्यांच्या अभ्यासातला आकडा हा माणसामाणसांतल्या फरकाचा आकडा आहे, आणि तो त्या समाजापुरता, त्या काळापुरता असतो. हे आकडे परदेशांतले आहेत. आपल्या विदर्भात घरं वेगळी, ताण वेगळे, उपचार मिळण्याची सोय वेगळी. इथं मोजलं तर आकडा तोच येईल असं मी म्हणणार नाही.

आता वयाकडे येते.

मुलांमध्ये वाटा जास्त आणि मोठ्यांमध्ये कमी, हे आपण ऐकलं. वय वाढतं तसं माणसाच्या वाट्याला येणारे अनुभव वेगवेगळे होत जातात, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. पण जनुकं लहानपणीच आपलं काम करून मोकळी होतात का? इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९९४ ते १९९६ दरम्यान इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या हजारो जुळ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१५ मध्ये त्यांनी याच मुलांची चार, सात, नऊ आणि सोळा या वयांतली मंत्रचळी वागणूक तपासून मांडली. जनुकांचा काही प्रभाव चौथ्या वर्षापासून पुढे चालत आलेला दिसला. मात्र प्रत्येक टप्प्यावर जनुकांचा काही नवा प्रभावही दिसला, जो आधीच्या वयात नव्हता.

हे ऐकून पुष्कळांचा गोंधळ होतो. जनुकं तर जन्मतःच मिळतात, मग सोळाव्या वर्षी नवी कुठून आली?

पुन्हा बागेत जाऊ या. आमच्या बागेतली कलमं शेंदुरजनाघाटहून आणलेली. जंबेरी या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, भरायचा, तो धरला की कलम तयार. एकाच मातृवृक्षाचे डोळे घेतले तर वरची सगळी झाडं जनुकांनी एकसारखी, हुबेहूब जुळीच म्हणा. असं कलम लावल्यावर चार-पाच वर्षं काही देत नाही. त्या काळात त्याच्यात बहराची जनुकं नव्हती का? होती. झाडाचं वय व्हायचं होतं. माणसाचा मेंदूही असाच टप्प्याटप्प्यानं घडतो. पौगंडावस्थेत संप्रेरकं बदलतात, मेंदूतल्या जोडण्यांची छाटणी होते, आणि तोवर निमूट असलेली काही जनुकं तेव्हा कामाला लागतात. या आजाराच्या सुरुवातीची दोन शिखरं आहेत. एक दहा-अकराव्या वर्षाच्या आसपास, त्यात मुलगे जास्त. दुसरं विशीच्या सुरुवातीला. "आठवीपर्यंत काहीच नव्हतं हो, म्हणजे हे जन्माचं कसं असेल?" असं एक वडील माझ्याशी वाद घालत होते. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकत होता.

बागेतली दुसरी गोष्ट म्हणजे ताण. मृग बहर घ्यायचा असेल तर ऐन उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, बघवत नाही. मग मृगाचा पाऊस येतो, ताण तुटतो आणि झाड फुलांनी भरतं. आंबिया बहराला थंडीच्या दिवसांतला ताण लागतो. या दिवसांत काटोल रोडनं गेलात तर ती फुलं दिसतील, वासही येईल. हलक्या मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत ओल टिकते म्हणून उशिरा बसतो. कलम तेच, तरी एक झाड फुलतं आणि एक कोरडं राहतं. शेतकऱ्याचा ताण आणि माझ्या पेशंटचा ताण, आपल्या भाषेनं दोन्हींना शब्द एकच दिला आहे. मला हे नेहमी खोलवर पटतं. उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, तेही सांगते: शेतकऱ्याला बहर हवा असतो, माझ्याकडे येणाऱ्यांना तो नको असतो. पण ताण नेमका केव्हा बसला याला किती महत्त्व आहे, ते बागेत जितकं नीट कळतं तितकं मला पुस्तकात कळलं नव्हतं.

मग हा भोवताल नेमका कोणता? जुळ्यांच्या अभ्यासांत एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे येते. भावंडांना एकसारखं करणारा, घरातला सामाईक भोवताल या लक्षणांत फारसा वाटा उचलत नाही. उरलेला मोठा भाग ज्याच्या त्याच्या वेगळ्या अनुभवांचा असतो, आणि त्यातलाही बराचसा त्या-त्या काळापुरता असतो. सातव्या वर्षी जे घडलं त्याचा ठसा सोळाव्या वर्षापर्यंत तसाच टिकतो असं फार कमी दिसतं. वर्षानुवर्षं टिकणारा धागा मुख्यतः जनुकांचा. मोठ्या वयात काही अनुभवांचाही ठसा टिकतो, पण तो धागा बारीक.

आईच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. तुम्ही कडक होतात म्हणून, तुम्ही स्वच्छतेच्या मागे होतात म्हणून, तुम्ही नोकरी करत होतात म्हणून हे झालं, याला पुरावा नाही. एवढ्या एका वाक्यासाठी मी आज आले असं समजलात तरी चालेल.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. ज्यांची आहे त्यांना विचारून सांगते आहे. माझ्या आजीकडे कडक सोवळं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही चार नातवंडं तिच्याकडे असायचो. ओलेत्यानं पाणी भरायचं, वाळत घातलेल्या कपड्यांना शिवायचं नाही, सगळ्यांना नियम सारखे. चौघांपैकी तिघांना पुढे काही झालं नाही. माझ्या मावसबहिणीला अकराव्या वर्षी सुरू झालं. कोपरापर्यंत हात धुवायची, कातडी सोलवटेपर्यंत. शेतावर कामाला येणारी बाई कळवळून म्हणायची, "काहून वं माय, किती हात धुऊन राह्यली तू?" घरात मात्र कौतुक. पोरीला आजीचं वळण लागलं म्हणून.

फरक मला फार उशिरा, मी डॉक्टर झाल्यावर कळला. आजीचं सोवळं संपायचं. स्वयंपाक झाला, नैवेद्य दाखवला, की ती मोकळी. लुगडं बदलून ओसरीवर येऊन बसायची, शेजारणींशी हसायची. माझ्या बहिणीचं संपत नव्हतं. घरानं तिच्या भीतीला विषय दिला, भीती दिली नाही. पुढे तिशीत ती दुसऱ्या शहरात गेली, तिथं सोवळ्याचं नावही नव्हतं. बाळंतपणानंतर आजार पुन्हा उठला आणि आता त्याचा विषय होता गॅसचं बटण. आपल्याकडे विटाळ, देवाला पाय लागणं, उष्टं-खरकटं हे विषय पुष्कळ येतात. कोरोनाच्या काळात निर्जंतुक करणं आलं. विषय भोवताल पुरवतो. शिवाशिवीच्या कल्पनेनं माणसांवर काय लादलं, ते दीक्षाभूमीच्या शहरात मी सांगायला नको. तो प्रश्न अन्यायाचा आहे. त्याला आजार म्हणून कोणी सूट देऊ नये आणि आजारी माणसाला त्याचा आरोपी करू नये.

ज्याच्या त्याच्या वेगळ्या अनुभवांमध्ये काय काय येतं, तर सुरुवात पोटात असल्यापासून होते. स्वीडनमध्ये १९७३ ते १९९६ दरम्यान जन्मलेल्या चोवीस लाखांवर मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये आला. मुदतीआधी जन्म, कमी वजन, पायाळू असणं, सिझेरियन, आईचं गरोदरपणातलं जास्त धूम्रपान अशा गोष्टींशी पुढच्या ओसीडीचा संबंध दिसला, सख्ख्या भावंडांशी तुलना करूनही. प्रत्येक गोष्टीचा परिणाम लहानसा आहे, तेव्हा सिझेरियन झालेल्या आयांनी आजपासून काळजी करत बसू नये. याशिवाय बाळंतपण, जवळच्याचा मृत्यू, आघात, परीक्षेचं वर्ष. नीट आणि जेईईच्या शिकवणीला गावाहून येऊन खोली करून राहिलेली मुलं माझ्याकडे डिसेंबरपासून वाढतात, हा माझा अनुभव आहे, अभ्यास नव्हे. काही थोड्या मुलांमध्ये घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतुसंसर्गानंतर लक्षणं अचानक, दोन-चार दिवसांत उसळतात. अमेरिकेतल्या सुसान स्वीडो यांनी १९९८ मध्ये त्याचं वर्णन केलं. ती स्थिती विरळ आहे, त्यावर वादही आहेत.

जनुकांबाबतची ताजी बातमीही सांगायला हवी. २०२५ मध्ये त्रेपन्न हजारांवर रुग्ण आणि वीस लाखांवर इतर लोक यांच्या जनुकांची तुलना करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजाराशी संबंध असलेल्या ३० जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम अगदी बारीक, आणि अशा जागा अजून शेकडो असणार. त्यांतल्या बऱ्याच जागा चिंता, नैराश्य, टुरेट (अवयव नकळत झटकले जाण्याचा आजार) यांच्याशीही जोडलेल्या आहेत. म्हणून एकाच घरात काकांना ओसीडी, आत्याला चिंतेचा त्रास आणि पुतण्याला डोळे मिचकावण्याची सवय असं दिसतं. 'मंत्रचळाचं जनुक' असं काही नाही. लाळ पाठवा, तुमच्या मुलाला ओसीडी होईल का ते सांगतो, असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका. आज ते कोणालाही सांगता येत नाही.

घरामुळे आजार होत नाही, असं मी म्हणाले. पण घर तो टिकवू शकतं, आणि हे ऐकायला जास्त जड आहे. एका घरात वडील बुटीबोरीहून कामावरून आले की मुलगी त्यांना दारातच कपडे बदलायला लावायची. मग आंघोळ. मग मोबाइल पुसायचा. मग आईला विचारायची, "बाबांनी सोफ्याला हात लावला नाही ना?" आई म्हणायची, नाही गं बाळा. रोज तीस-चाळीस वेळा. त्या दोघांनी हे प्रेमापोटी केलं. मुलगी रडायची, ते त्यांना बघवत नव्हतं. पण प्रत्येक वेळी 'नाही गं' ऐकून तिला पाच मिनिटं बरं वाटायचं आणि तिचा मेंदू शिकायचा, की विचारलं तरच सुटका आहे. भीती आपोआप उतरते हे तिला कधी कळलंच नाही, कारण ती उतरायच्या आत उत्तर हजर असायचं. असं घर बाहेरून शांत दिसतं. आत सगळे नियम आजार ठरवत असतो.

हे एका दिवसात बंद करायचं नसतं. तिच्याशी बोलून, तिची संमती घेऊन, एक-एक पायरी उतरायची. आम्ही ठरवलं, रात्री नऊनंतर फक्त पाच वेळा उत्तर मिळेल. मग तीन. मग उत्तराऐवजी, "तुला विचारावंसं वाटतंय, कळतंय मला. थोडी थांब, मी इथंच आहे." पहिला आठवडा त्या घराला फार कठीण गेला. आईचा मला रात्री अकराला फोन आला होता, ती स्वतःच रडत होती.

याच तत्त्वावर मोठी उपचारपद्धती उभी आहे. भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये तिची सुरुवात केली. त्याआधी या रुग्णांना बरं करता येत नाही असंच मानत. आज आम्ही पेशंटला सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर नेतो, जिन्याचा कठडा धरायला लावतो आणि हात न धुता त्याच्याबरोबर बसून राहतो. सोबत औषधं. ती इतर आजारांपेक्षा बऱ्याचदा जास्त मात्रेत लागतात आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडून देणारे फार, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

१९९२ मध्ये अमेरिकेत लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं उपचारापूर्वी आणि नंतर घेतली. मेंदूच्या आतल्या कॉडेट नावाच्या भागातली जास्तीची हालचाल औषधानं उतरली. ज्यांनी औषध न घेता फक्त ही वर्तनोपचार पद्धत घेतली, त्यांच्यातही ज्यांना गुण आला त्यांची त्याच भागातली हालचाल उतरली. रक्तातलं आहे म्हणून बोलण्यानं काय होणार, असं म्हणणाऱ्या घरच्यांना मी हा अभ्यास आवर्जून सांगते. मूळ कुठलंही असो, मेंदू दोन्ही वाटांनी बदलतो.

आणि आयुष्यभराचं चित्र? स्वीडनमध्ये पन्नासच्या दशकात तपासलेल्या १४४ रुग्णांना त्याच मानसोपचारतज्ज्ञानं साधारण चाळीस वर्षांनी पुन्हा तपासलं. तो अभ्यास १९९९ मध्ये आला. ८३ टक्के लोकांमध्ये सुधारणा होती. जवळजवळ निम्मे बरे झाले होते, त्यांतले काही पूर्ण, तर काहींत किरकोळ लक्षणं उरलेली. त्यांच्या तरुणपणी आजची औषधं नव्हती. पण जवळपास निम्म्या लोकांनी तीस वर्षांहून अधिक काळ हा आजार सोसला होता, हेही त्याच अभ्यासात आहे. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, सगळी इडापिडा घेऊन जा म्हणून लोक ओरडतात आणि तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. लहानपणी मला ते फार आवडायचं. माझ्या बहिणीचा आजार तसा एका दिवसात गेला नाही. अकराव्या वर्षी आला, सतराव्या वर्षी निवला, एकतिसाव्या वर्षी पुन्हा उठला, आणि आता पन्नाशीत कधीतरी एखाद्या रात्री गॅस बघायला उठवतो. एकदाच उठवतो.

काही चिठ्ठ्या आल्या आहेत. वेळेप्रमाणे दोन घेते.

पहिली: "मुलीचं लग्न जमवतोय. सांगावं की लपवावं?" सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या घरात, नव्या स्वयंपाकघरात ताण वाढतो आणि लपवलेली गोळी बंद करावी लागते. त्याचे परिणाम मी पाहिले आहेत. सांगताना आकडाही सांगा. तिच्या मुलांना हा आजार न होण्याची शक्यता होण्यापेक्षा खूप जास्त आहे. गरोदरपणाचा विचार असेल तर औषधांचं आधी डॉक्टरांशी ठरवा, मनानं बंद करू नका. हे विचारणाऱ्या आईवडिलांची घालमेल मला समजते. तरी ज्या घरानं हे ऐकून होकार दिला, त्या घरात मुलगी पुढच्या वेळी आजारी पडली तेव्हा चार दिवसांत माझ्याकडे आली. लपवलेल्या घरांतून त्या चार-चार वर्षांनी येतात.

दुसरी: "माझ्या सासूबाईंना मंत्रचळ होता. नात नऊ वर्षांची आहे. आत्तापासून काय करू?" तिच्यावर पाळत ठेवू नका. मुलांना ते कळतं. साधारण दहाव्या ते पंधराव्या वर्षांत नुसतं ध्यानात असू द्या. गृहपाठाला अचानक दुप्पट वेळ लागू लागला, पानं खोडून खोडून फाटू लागली, साबण लवकर संपू लागला, न्हाणीघरात तास जाऊ लागला, एकच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारू लागली, तर रागावू नका आणि वळण लागलं म्हणून कौतुकही करू नका. शांतपणे विचारा, "मनात काही अडकून बसतंय का?" पुष्कळ मुलांना हे कोणी विचारलेलंच नसतं, ती सुटल्यासारखी बोलू लागतात. मग दाखवा. नागपुरात मेडिकलमध्ये, मेयोत, या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. आणि तिला आजीची गोष्ट सांगा. सासूबाईंना काय व्हायचं, त्या कशा झगडल्या, घरात कोणाला कळलं नाही, हे सगळं. उद्या तिच्या मनात तसलं काही आलं, तर आपण वेड्या झालो असं तिला वाटणार नाही. ती म्हणेल, हे आजीला व्हायचं तेच दिसतंय, आणि तुमच्याकडे येईल.